ओकेचे कूळ, ओकेचे मूळ

'ओके' हा इंग्रजी शब्द नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण आणि केवलप्रयोगी अव्यय अशा पाच खात्यांत एकाच वेळी नोकरीला आहे आणि पाचही ठिकाणी त्याची हजेरी लागते. साहेबांचा ओके मिळाला, तेव्हा तो नाम असतो. तब्येत ओके आहे, तेव्हा विशेषण. गाडी ओके चालते, तेव्हा क्रियाविशेषण. साहेबांनी बिल ओके केले, तेव्हा क्रियापद. मराठीत त्यासाठी 'करणे'ची मदत घ्यावी लागते, इंग्रजीत तेवढीही लागत नाही. आणि फोनवरची पलीकडची व्यक्ती थांबायचे नाव घेत नसेल, तेव्हा दर दोन वाक्यांमागे 'ओके... ओके...' असा जो हलका धक्का दिला जातो, ते केवलप्रयोगी अव्यय. या अव्ययाने आजवर एकही फोन लवकर संपलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

लिहिण्याच्या बाबतीतही त्याला शिस्त नाही. दोन अक्षरे आणि प्रत्येकापुढे एक टिंब हा त्याचा मूळ पोशाख. पुढे टिंबे गळाली. दोन अक्षरांना शब्द म्हणवत नाही अशा सभ्य लोकांनी त्याला ओढूनताणून चार अक्षरांचा केला. मोबाइलवर उलट प्रवास झाला आणि नुसता 'के' उरला. 'ओके' आले तर निरोप पोचला, 'ओक्के' आले तर स्वारी खुशीत आहे आणि एकटा 'के' आला तर काहीतरी बिनसले आहे, हे आता शाळकरी पोरालाही कळते.

शब्दकोश 'ओके'चा अर्थ ठीक, बरोबर, मान्य असा देतात. तो चूक नाही, पण अपुरा आहे. ओके मान्यता देतो, शाबासकी देत नाही, ही त्याची खरी खुबी. नाटक संपल्यावर रंगपटात जाऊन नटाला 'प्रयोग ओके झाला' म्हणणाऱ्या मित्राने शब्दकोशाप्रमाणे काहीही वावगे म्हटलेले नसते. पण पुढच्या प्रयोगाचा पास त्याला मिळत नाही.

हा अर्थ निर्भेळ स्वरूपात पाहायचा तर भोसरी-चाकणकडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जावे. एखाद्या भागाला २५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र हवे आहे आणि ते फार तर २० मायक्रॉनने मोठे चालणार आहे, असे समजू. तपासणाऱ्याच्या हातात दोन टोकांचे एक गेज असते. एका टोकाचे नाव 'गो', दुसऱ्याचे 'नो-गो'. पहिले छिद्रात गेले पाहिजे, दुसरे अडले पाहिजे. तसे झाले की भाग ओके, नाहीतर रिजेक्ट, आणि थोडी आशा असेल तर रिवर्क. छिद्र अगदी मधोमध मापात बसले आहे की काठाकाठाने वाचले आहे, याची चौकशी होत नाही. तिथे डिस्टिंक्शन नाही, फर्स्ट क्लास नाही, उत्तेजनार्थ बक्षीस तर नाहीच. ओकेची ही निर्विकार वृत्ती इतर धंद्यांना मात्र झेपलेली नाही. चित्रपटाचा दिग्दर्शक 'कट, ओके' म्हणतो आणि त्याच श्वासात 'वन मोर' म्हणतो. छापखान्यात तर प्रुफावर 'ओके' लिहून खाली सही करेपर्यंत एकही चूक दिसत नाही; सही वाळली की त्या एकेक करून वर येऊ लागतात.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे म्हणतात. या म्हणीत शब्दाचा उल्लेख राहून गेल्यामुळे ओकेच्या कुळाचा शोध जवळजवळ दोन शतके चालू आहे आणि त्यात हौशी मंडळींनी मोलाची भर घातली आहे. अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूळ रहिवाशांच्या भाषेत 'तसेच आहे' अशा अर्थाचा 'ओके'सारखा एक उच्चार आहे. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना ही उपपत्ती इतकी पटली होती, की ते कागदपत्रांवर ओके न लिहिता 'ओकेह' लिहीत. विल्सन मुळात प्राध्यापक होते, हे इथे सांगितले पाहिजे. ग्रीकांच्या मते हा शब्द 'ओला काला'वरून आला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'सगळे छान', मराठी कानाला काहीही वाटो. स्कॉटलंडवाले 'ऑख आय' पुढे करतात. पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतला 'वाव के' हाही एक दावेदार आहे आणि त्याच्या बाजूला काही विद्वानही आहेत. हैतीमधल्या ओ काय बंदरातून येणारी रम इतकी उत्तम असे, की चांगल्या वस्तूला लोक त्या बंदराचेच नाव देऊ लागले, अशी एक कथा आहे. ती सांगणारे बहुधा रमचे जाणकार असावेत. ओबडाया केली नावाचा रेल्वेचा एक कारकून मालाच्या पावत्यांवर आपली आद्याक्षरे टाकत असे, असेही सांगतात. अमेरिकन यादवी युद्धात सैनिकांना मिळणाऱ्या बिस्किटांवर ऑरिन केंडल या बनवणाऱ्याची आद्याक्षरे असत, ही कथा तर फारच लोकप्रिय आहे. तिच्यात अडचण एवढीच, की ते युद्ध १८६१ साली सुरू झाले आणि तोवर ओके चांगला वयात आला होता.

या सगळ्या उपपत्तींत एक साम्य आहे. प्रत्येकाला ओकेचा पूर्वज आपल्याच वाड्यात सापडतो. कोकणातल्या ओक घराण्याने अद्याप दावा सांगितलेला नाही, हा केवळ त्यांचा मोठेपणा.

या कज्ज्याचा निकाल लावला तो कोलंबिया विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ ॲलन वॉकर रीड यांनी. या गृहस्थांची निवड नियतीने विचारपूर्वक केली असावी. तरुणपणी अमेरिकेच्या पश्चिम भागातून फिरताना त्यांनी सार्वजनिक शौचालयांच्या भिंतींवरचा मजकूर जसाच्या तसा टिपून घेतला होता आणि त्याचा भाषाशास्त्रीय अभ्यास १९३५ साली पॅरिसमध्ये खासगीरीत्या छापून घेतला होता. त्याच्या एकच वर्ष आधी इंग्रजीतल्या सर्वांत प्रसिद्ध शिवीवर त्यांनी एक सविस्तर निबंध लिहिला. त्यात ती शिवी एकदाही आली नाही. अशा माणसाला ओके हा सात्त्विक विषय वाटला असणार. १९४१ साली त्यांनी त्याच्यावर पहिला लेख लिहिला आणि १९६३-६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात लेखांची एक मालिकाच लिहून पुरावा मांडला. तो पुरावा जुन्या वर्तमानपत्रांच्या रकान्यांतून वेचून काढलेला होता. त्या काळात शोधयंत्र नव्हते. पान उलटणे हाच शोध.

रीड यांना सापडलेला सर्वांत जुना ओके २३ मार्च १८३९च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये आहे. संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनी प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका वर्तमानपत्राची टिंगल करताना तो वापरला. निमित्त होते 'घंटानादविरोधी मंडळ' अशा नावाच्या बॉस्टनमधल्या एका थट्टेखोर टोळक्याच्या सहलीचे. मजकुरात ओ आणि के ही दोन अक्षरे आहेत आणि लगेच पुढे 'ऑल करेक्ट', म्हणजे 'सगळे बरोबर', असा खुलासा आहे. आता इंग्रजीत 'ऑल' हा शब्द 'ओ'ने सुरू होत नाही आणि 'करेक्ट' हा 'के'ने सुरू होत नाही. म्हणजे 'सगळे बरोबर' या दोन शब्दांतली पहिली दोन्ही अक्षरे चूक. विनोद तो एवढाच. ज्या शब्दाने आज जगभर बरोबर-चूक ठरवले जाते, तो शब्द मुद्दाम केलेल्या दोन चुकांवर उभा आहे.

हा विनोद एकट्या ग्रीन यांचा नव्हता. त्या सुमारास बॉस्टनच्या वर्तमानपत्रांना आद्याक्षरांचा ताप चढला होता. 'आवर फर्स्ट मेन', म्हणजे गावातली बडी मंडळी, यांचे तीन अक्षरांत काम भागे. कर्जबाजारी होऊन पळालेल्या माणसाला 'गॉन टू टेक्सस'ची आद्याक्षरे चिकटत. क्षुल्लक माणूस म्हणजे 'स्मॉल पोटॅटोज', त्याचीही दोनच अक्षरे. एवढ्याने भागेना, तेव्हा आधी शब्द अशुद्ध लिहायचा आणि मग त्याची आद्याक्षरे घ्यायची, अशी दुसरी पायरी निघाली. 'उपयोग नाही' या अर्थाचे 'नो यूज' हे 'के' आणि 'वाय' असे लिहिले जाऊ लागले. 'ऑल राइट'चे 'ओ' आणि 'डब्ल्यू' झाले. हा ओडब्ल्यू म्हणजे ओकेचा सख्खा भाऊ, अर्थही तोच. पण तो बाळपणीच गेला. उच्चार करून पाहिला की कारण कळते. बॉस्टन हे त्या काळी अमेरिकेतले विद्येचे माहेरघर मानले जाई, हार्वर्ड विद्यापीठ नदीच्या पलीकडे. शुद्धलेखनाचा धाक असलेल्या गावातच मुद्दाम अशुद्ध लिहिण्यात मजा असते. जिथे सगळेच अशुद्ध लिहितात तिथे त्याला कोण हसणार?

या कोट्या बहुतेक वर्षा-दोन वर्षांत विरून गेल्या. ओकेही गेला असता. त्याला वाचवले निवडणुकीने.

१८४० साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन दुसऱ्यांदा उभे राहिले. ते न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचे. घरची भाषा डच. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती असे ते अमेरिकेचे एकमेव अध्यक्ष. त्यांना 'ओल्ड किंडरहूक', म्हणजे 'किंडरहूकचे आजोबा' म्हणावे, अशी टूम निघाली आणि समर्थकांनी न्यूयॉर्कमध्ये 'ओके क्लब' काढला. नेत्याची आद्याक्षरे आणि 'सगळे बरोबर', असा दुहेरी बार. कार्यकर्ते सभांमध्ये ओके ओके ओरडू लागले. विरोधी व्हिग पक्षाला आयताच खुराक मिळाला. अध्यक्षांच्या कारकिर्दीत मोठी मंदी येऊन गेली होती. तेव्हा ओके म्हणजे 'आउट ऑफ कॅश', 'आउट ऑफ क्रेडिट', 'आउट ऑफ कॅरेक्टर' आणि 'आउट ऑफ क्लोद्स', पैसा नाही, पत नाही, अब्रू नाही आणि अंगावर कपडेही नाहीत, असा अर्थ त्यांनी लावला. शुद्धलेखन बॉस्टनचेच, सगळीकडे 'के'.

याच धामधुमीत आणखी एक अफवा सुटली. आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना म्हणे शुद्धलेखन येत नसे आणि कागद मंजूर करताना ते 'ऑल करेक्ट'ची अशी चुकीची आद्याक्षरे टाकत. ही कथा वर्तमानपत्रांनी रचून छापली, लोकांनी ती खरी मानली आणि बॉस्टनचा खरा किस्सा तिच्याखाली शंभर वर्षे गाडला गेला. व्हॅन ब्युरेन निवडणूक हरले. जिंकलेले विल्यम हेन्री हॅरिसन पद स्वीकारल्यावर महिन्याभरात वारले. ओके तेवढा टिकला.

पुढे १८४४ मध्ये मोर्स यांची तार वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला गेली आणि हळूहळू देशभर तारांचे जाळे पसरले. निरोप पोचला, समजला, पुढे चला, हे सगळे दोन अक्षरांत सांगणारा शब्द तारमास्तरांना हवाच होता. रेल्वेने तो उचलला, व्यापाऱ्यांनी शिक्क्यांवर घेतला. वाटोळा ओ आणि टोकदार के शिक्क्यावर दिसतातही छान. १८८१ सालापर्यंत तो दुकानांच्या पाटीवर पोचला होता. त्या वर्षी २६ ऑक्टोबरला ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन गावी झालेली गोळीबाराची चकमक 'ओके कोराल'ची लढाई म्हणून हॉलिवूडने अमर केली. ओके कोराल हा घोडे बांधण्याचा तळ. चकमक जेमतेम अर्धा मिनिट चालली, तीन माणसे मेली, आणि ती त्या तळात नव्हे, तर जवळच्या एका मोकळ्या जागेत झाली होती. पण 'मोकळ्या जागेतली लढाई' या नावाचा चित्रपट कोण पाहणार?

विसाव्या शतकात ओके पृथ्वीवर मावेना. जुलै १९६९ मध्ये चांद्रयान चंद्राला टेकल्याची खूण देणारा दिवा लागला, तसे बझ ऑल्ड्रिन यांनी दिवा लागल्याचे सांगितले आणि त्यांचा पुढचा उद्गार सुरू झाला तो 'ओके'ने. नील आर्मस्ट्राँग यांचे मानवजातीविषयीचे ते प्रसिद्ध वाक्य कित्येक तासांनंतरचे. म्हणजे चंद्रावर ओके आधी उतरला, मानवजात नंतर.

संगणकात तो शिरला त्याची कथा अधिक शिकवून जाते. ॲपल कंपनीचा 'लिसा' हा संगणक तयार होत असताना, सांगितलेले काम करण्यासाठी पडद्यावर जे बटण दाबायचे त्यावर 'डू इट' असे शब्द होते. चाचणीला बसवलेल्या एका वापरकर्त्याला त्या अक्षरांतली फट दिसली नाही. त्याने ते 'डोल्ट' असे वाचले. डोल्ट म्हणजे मठ्ठ. यंत्र आपल्याला मठ्ठ का म्हणते आहे, असे त्याने चिडून विचारले. त्यानंतर बटणावर ओके आला. १९८३ साली लिसा बाजारात आला आणि आपटला. बटण मात्र तेव्हापासून घरोघर आहे आणि त्याच्यावरचा मजकूर न वाचता ते दाबण्याची कला मानवाने आत्मसात केली आहे.

कोका-कोला कंपनीने १९९३ मध्ये 'ओके' नावाचे शीतपेय काढले होते. आपल्या पेयाला कोणी फार चांगले म्हणू नये, अशी सोय नावातच करून ठेवणारी ही बहुधा पहिली कंपनी. १९९५ पर्यंत ते गुंडाळावे लागले. शब्द जगभर चालतो, पण त्याची हाताची खूण चालत नाही, हेही प्रवाशांनी ध्यानात ठेवावे. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ जपानमध्ये पैसे, फ्रान्समध्ये शून्य आणि ब्राझीलमध्ये सरळसरळ अश्लील शिवी असते.

मराठीत ओके आला तो मात्र घरजावई होऊन. आधी त्याचा 'क' दुप्पट झाला. 'पक्का', 'नक्की', 'अख्खा' यांच्या पंगतीत बसायचे तर तेवढे वजन हवेच. मग त्याला 'मध्ये' लागला. 'सगळं ओकेमध्ये आहे' हे वाक्य ऐकून व्याकरणाचे शिक्षक कपाळाला हात लावतात, पण त्यांचे चुकते. मराठी माणूस मजेत असतो, आनंदात असतो, आरामात असतो. आपल्याकडे सुखाच्या आत जाऊन बसायची रीत आहे. त्याच न्यायाने तो ओकेमध्ये असतो. 'ओकेत' कोणी म्हणत नाही. 'ओकणे' हे क्रियापद फार जवळ राहते, एवढेच त्याचे कारण असावे.

ट्रकच्या पाठीवरचा 'हॉर्न ओके प्लीज' हा भारतीय शाखेचा मूळपुरुष. हॉर्न आणि प्लीज यांचा संबंध लागतो: पुढे जायचे असेल तर कृपया हॉर्न वाजवा. मध्ये ओके कशाला, हे कोणालाच धड सांगता येत नाही, म्हणून सगळेच सांगतात. एक मत असे, की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ट्रक रॉकेलवर चालत आणि 'ऑन केरोसीन'ची ही आद्याक्षरे, अंतर ठेवण्याची ताकीद म्हणून. दुसरे मत, ती 'ओके' नावाच्या साबणाची जाहिरात होती. तिसरे, तो 'ओव्हरटेक'चा उरलासुरला अवशेष. थोडक्यात, केंडलची बिस्किटे इथे रॉकेल होऊन आली. एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी परिपत्रक काढून व्यावसायिक वाहनांवर हा मजकूर लिहायला बंदी केली. त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळते, असे कारण होते. हॉर्नला परिपत्रक वाचता येत नसल्यामुळे तो वाजत राहिला.

आणि मग जून २०२२. राज्यातल्या सत्तांतराच्या धामधुमीत सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी बंडखोर आमदारांच्या गुवाहाटीच्या मुक्कामातून आपल्या कार्यकर्त्याशी केलेले फोनवरचे संभाषण बाहेर आले. झाडी, डोंगार आणि हाटील या तिन्हींना त्यांनी जो ओकेचा शेरा दिला, तो बघता बघता टी-शर्टांवर छापला गेला आणि गाण्यांत घातला गेला. ऑगस्टमध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी ओकेला 'खोके'चे, म्हणजे बोलीतल्या कोटी रुपयांचे, यमक जुळवले आणि घोषणा तयार झाली. एका बाजूने शब्द कौतुकाने उच्चारावा आणि दुसऱ्या बाजूने त्याच शब्दात पैशांचा हिशेब मांडावा, हे व्हॅन ब्युरेन यांच्या निवडणुकीत एकदा होऊन गेले होते. न्यूयॉर्कच्या ओके क्लबातला एखादा कार्यकर्ता त्या पायऱ्यांवर आला असता, तर भाषा सोडून त्याला काहीही परके वाटले नसते.

ओकेची नवी व्युत्पत्ती सुचवू इच्छिणाऱ्यांची संख्या अजून कमी झालेली नाही. त्यांना एकच विनंती: कल्पना कितीही सुंदर असो, सोबत छापील किंवा हस्तलिखित पुरावा जोडावा आणि त्यावरची तारीख २२ मार्च १८३९ किंवा त्याआधीची असावी.